सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यावी का? २०१२ ची ऑडी टीटी, दिल्ली पासिंग

नवखा सारथी

नमस्कार मंडळी. मी सव्वीस वर्षांचा असून हिंजवडीत नोकरीला आहे. घरी वडिलांची वॅगन-आर आहे आणि परवाना मिळाल्यापासून मी तीच चालवत आलो आहे. शाळेत असताना कपाटाच्या दाराला आतून ऑडी टीटीचे चित्र चिकटवले होते, ते अजून तिथेच आहे. आता बाणेरला जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडे प्रत्यक्ष टीटी उभी आहे: २०१२ ची, दोन लिटर पेट्रोल टर्बो, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद), लाल रंग, दिल्ली पासिंग, दुसरा मालक, काट्यावर ३८,००० किलोमीटर. मागणी पावणेसोळा लाखांची आहे. माझ्याजवळ साडेसतरा लाख साठलेले आहेत, त्यामुळे कर्ज काढावे लागणार नाही आणि वर पावणेदोन लाख उरतील.

विक्रेता म्हणतो की दोन दिवसांत टोकन दिले नाही तर हैदराबादची पार्टी गाडी घेऊन जाईल. वडील या विषयावर बोलायलाच तयार नाहीत. जाणकारांनी कृपया सांगावे, गाडी बघायला जाताना नेमके काय तपासावे आणि उरलेले पावणेदोन लाख पुरेसे आहेत का?

पाचवा गिअर

आधी हैदराबादच्या पार्टीविषयी. गेली अठरा वर्षे मी गॅरेज चालवतो आणि ही पार्टी मला चांगली परिचयाची आहे. कधी ती हैदराबादची असते, कधी सुरतेची, पण गाडी न्यायला आलेली मी तिला एकदाही पाहिलेली नाही. टोकन देऊ नका.

आता गाडीविषयी. टीटीच्या या दुसऱ्या पिढीत, म्हणजे कंपनीच्या भाषेत ८जे मध्ये, तुम्ही म्हणता ते २११ अश्वशक्तीचे दोन लिटर टीएफएसआय इंजिन आहे. याच कुळातले इंजिन त्या काळात फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत होते, त्यामुळे त्याचे गुणदोष जगभर ठाऊक आहेत. त्यातले दोन दोष खिसा रिकामा करणारे आहेत.

पहिला टायमिंग चेनच्या टेन्शनरचा, म्हणजे व्हॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी साखळी ताणून धरणाऱ्या भागाचा. इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो. तेव्हा चेन ताणून धरण्याचे काम टेन्शनरमधील दाते करतात. जुन्या बनावटीच्या टेन्शनरमध्ये ही पकड सुटू शकते. मग सुरू करतानाच चेन दाते सोडून पुढे सरकते, व्हॉल्व पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवण्यावाचून मार्ग राहत नाही. कंपनीने पुढे सुधारित टेन्शनर आणला. २०१२ हे नेमके बदलाच्या आसपासचे वर्ष असल्याने या गाडीत कोणता आहे हे कागदावरून ठरवू नका. टायमिंगच्या खालच्या आवरणाला एक लहान रबरी बूच असते. ते काढून टेन्शनर कोणत्या बनावटीचा आहे आणि किती बाहेर आला आहे, हे जाणता मेकॅनिक पाहू शकतो. विक्रेत्याने त्याला नकार दिला तर तेच उत्तर समजा.

दुसरा दोष तेल पिण्याचा. पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक असल्यामुळे त्या कार्बनने भरतात आणि इंजिन तेल जाळू लागते. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत तेल लागणे कंपनी मर्यादेत मानते. हे वाचून वॅगन-आर चालवणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येईल, पण त्याच्या वर गेले तर पिस्टन आणि रिंग बदलण्याची वेळ येते आणि ते काम इंजिन खोलून करायचे असते.

म्हणून सर्वांत मोठी तपासणी फुकटची आहे. इंजिन रात्रभर बंद राहिल्यानंतर पहाटे पहिल्यांदा सुरू होताना तुम्ही स्वतः तिथे उभे असले पाहिजे. पहिल्या दोन-चार सेकंदांत खडखडाट होतो का, मागून निळसर धूर येतो का, हे त्याच वेळी कळते आणि नंतर दिवसभर कळत नाही. तुम्ही पोहोचण्यापूर्वीच गाडी सुरू करून ठेवलेली असेल तर बॉनेटवर हात ठेवा, नमस्कार करा आणि परत या.

गिअरबॉक्स सहा गतींचा, दोन ओल्या, म्हणजे तेलात चालणाऱ्या क्लचचा आहे. तो त्याच समूहाच्या सात गतींच्या बदनाम कोरड्या क्लचवाल्या गिअरबॉक्सपेक्षा बराच टिकाऊ आहे, मात्र त्याचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावे लागतात. गाडी इतकी चालली नसली तरी चौदा वर्षांचे तेल हे तेल राहत नाही. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचेही तेच. विक्रेत्याला विचारा की ही दोन तेले कधी बदलली. तो इंजिन ऑइलची पावती दाखवील. ती बाजूला ठेवून प्रश्न पुन्हा विचारा.

चढावर थांबून ब्रेक सोडा आणि गाडी गचके देते का पाहा. रिव्हर्समध्ये टाकून संथ मागे घ्या. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचे प्लास्टिकचे घर या इंजिनात तडकते, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डच्या खाली कूलंटचे वाळलेले डाग शोधा. दाराचा हँडल ओढल्यावर काच बोटभर खाली सरकायला हवी, कारण या दारांना काचेची चौकट नाही. ती सरकली नाही तर दारातला बारीक स्विच गेला आहे. हे किरकोळ आहे, पण घासाघीस करायला उपयोगी पडते.

कोथरूडकर

सगळे मिळून या पोराला घाबरवणार असे दिसते, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी एकतीसाव्या वर्षी जुनी दोनदारी गाडी घेतली आणि सहा वर्षे वापरली. त्या सहा वर्षांत पहाटे ताम्हिणी उतरताना जे मिळाले त्याचा हिशेब मी कधी मांडला नाही आणि मांडणारही नाही. पन्नाशीत पैसे असतील, पण तेव्हा त्या खोलगट सीटवरून उठताना कंबर धरावी लागेल.

अट एकच होती आणि ती मी पाळली. कामावर जायला माझ्याकडे दुसरी गाडी होती. ज्या गाडीवर सोमवारची हजेरी अवलंबून आहे ती गाडी स्पोर्ट्स कार असू नये. तुम्ही घरची वॅगन-आर विकून हा व्यवहार करत नाही ना, एवढे सांगा.

निवृत्त सर्व्हेअर

मी तीस वर्षे मोटार विम्याचे सर्वेक्षण केले. नवखा सारथी यांच्या वयाचा माझा धाकटा मुलगा आहे, त्यामुळे थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

आपल्याकडे गाडी बघायला जाताना एखादे काका खिशात लोहचुंबक घेऊन येतात. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पुट्टी भरली आहे, असा त्यांचा निष्कर्ष असतो आणि साध्या गाडीवर तो बहुधा बरोबर ठरतो. टीटीच्या या पिढीवर मात्र तो साफ फसतो. हिच्या सांगाड्याचा आणि पत्र्याचा सुमारे ६९ टक्के भाग ॲल्युमिनियमचा आहे. वजन दोन्ही आसांवर नीट वाटले जावे म्हणून दरवाजे, डिकीचे झाकण आणि मागच्या तळाचा भाग पोलादी ठेवलेला आहे. म्हणजे बॉनेटला चुंबक चिकटला नाही तर गाडी निर्दोष असू शकते, आणि चिकटला तर मात्र तो मूळचा बॉनेट नव्हे. रंगाची जाडी मोजणारे यंत्र आणणार असाल तर पोलाद आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारे आणा. स्वस्तातली यंत्रे फक्त लोखंडावर आकडा दाखवतात. कारखान्याचा रंग साधारणपणे १०० ते १८० मायक्रॉनच्या दरम्यान भरतो. एखाद्या फेंडरवर ४०० आला तर तिथे कोणाचा तरी हात फिरला आहे.

याला एवढे महत्त्व का? पोलादी पत्रा ठोकून, ओढून, झाळून जागेवर आणता येतो आणि आपले डेंटर त्यात वाकबगार आहेत. ॲल्युमिनियम तसे वागत नाही. त्याला वेगळी हत्यारे, वेगळे झाळकाम आणि अनेक ठिकाणी रिव्हेट व चिकटद्रव्य लागते. पोलादाचे कण लागलेल्या हत्याराने काम केले तर तिथून गंज धरतो, वर रंग फुगतो. त्यामुळे पुढून ठोकर खाल्लेल्या टीटीची दुरुस्ती नीट झाली आहे की नुसती दिसायला झाली आहे, हे ओळखणे कठीण असते. गाडी लिफ्टवर घेऊन पुढच्या दोन्ही लांब कण्या (सांगाड्याच्या तुळया), त्यांचे जोड आणि सस्पेन्शनचे टॉवर डावे-उजवे ताडून पाहा. एका बाजूचा सीलंट कारखान्यासारखा सरळ आणि दुसऱ्या बाजूचा बोटाने फासल्यासारखा असेल, तर मी त्या गाडीचा अहवाल एका ओळीत लिहीत असे.

आता पुराविषयी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरची दोन वर्षे मी भिजलेल्या गाड्या वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा पाहिल्या. २०१५ च्या चेन्नईच्या आणि २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतरही तेच घडले. विमा कंपनी गाडी टोटल लॉस ठरवते, भंगार म्हणून ती लिलावात जाते, कोणीतरी ती धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आणतो. स्पोर्ट्स कार बुटकी असल्याने जिथे साध्या गाडीची चाकेच बुडतात तिथे हिच्या सीटखालच्या तारांपर्यंत पाणी पोहोचते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ राहून जाते, कारण तिथवर कोणी धूत नाही. सीटच्या रुळांचे स्क्रू, डिकीतील सामानाखालचा खड्डा आणि गालिच्याखालचा फोम हाताने चाचपा. वास घ्या. आत सुगंधाची बाटली ठेवलेली असेल तर ती बाहेर काढून काचा बंद करा, अर्धा तास उन्हात थांबा आणि मग वास घ्या.

विमा हा स्वतंत्र विषय आहे, उद्या लिहितो.

नवखा सारथी

कोथरूडकर, वॅगन-आर वडिलांची आहे आणि ती राहणार आहे. मी कामावर कंपनीच्या बसने जातो.

चुंबकाचा प्रकार वाचून मला घाम फुटला, कारण माझे मामा परवा चुंबक घेऊनच येणार होते. त्यांना मी अजून काही सांगितलेले नाही.

आता दिल्ली पासिंगविषयी विचारतो. विक्रेत्याने सांगितले की एनओसी तयार आहे आणि एमएच-१२ चा क्रमांक तीन आठवड्यांत मिळेल. हीच गाडी मुंबई पासिंगची असती तर अडीच-तीन लाखांनी महाग असती, असेही तो म्हणाला.

आरसी बुक

ती स्वस्त का आहे याचे उत्तर तुम्हीच दिले आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५ च्या आदेशांनंतर दिल्ली परिसरात पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची आणि डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका घेतली आणि तेव्हापासून तिथल्या जुन्या पण सुस्थितीतल्या गाड्या दक्षिणेकडे वाहत येत आहेत. त्यात चांगल्या गाड्या असतात, हे मी नाकारत नाही. पण वाचलेले अडीच लाख पुढे कुठे जातात ते पाहा.

एनओसी म्हणजे फॉर्म २८. ती कोणत्या आरटीओच्या नावे काढली आहे हे वाचा. पुण्याऐवजी दुसऱ्याच कार्यालयाचे नाव असेल तर फेऱ्या सुरू होतात. आरसीवर बँकेचा बोजा असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र मागा. कर्ज फिटले असे तोंडी सांगितले जाते, परंतु सरकारच्या वाहन पोर्टलवर हायपोथिकेशनची, म्हणजे त्या बोजाची, नोंद तशीच राहिलेली असते. त्याच पोर्टलवर थकलेली चलने आणि काळ्या यादीची नोंद दिसते. दिल्लीची चलने व्यवहाराआधीच भरून घ्यायला सांगा.

मग महाराष्ट्राचा रस्ता कर. दिल्लीत भरलेला कर इथे वळता होत नाही. इथे नव्याने भरायचा आणि तिथला परतावा तिथे मागायचा, जो प्रत्यक्षात हाती पडलेला मी क्वचितच पाहिला आहे. टीटी भारतात पूर्ण तयार अवस्थेत आयात होत असे आणि आयात गाड्यांना महाराष्ट्रात नवी असताना २० टक्के दराने कर लागतो. जुन्या गाडीला वयानुसार तो कमी होतो, पण हिशेब तुमच्या पावणेसोळा लाखांवर होणार नाही. मूळ किमतीवरून होईल. हा आकडा आरटीओतून लेखी काढून घ्या, एजंटाच्या तोंडून नको.

आणखी एक गोष्ट, जी विक्रेते कधीच सांगत नाहीत. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होईल आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्याचे शुल्क ५,००० रुपये झाले, तर आयात केलेल्या चारचाकीला ४०,००० रुपये. त्याशिवाय फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर वेगळे. नूतनीकरण पाच वर्षांसाठीच असते आणि २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील आयात मोटारीचे शुल्क ८०,००० वर नेले आहे.

पैसे बँकेतूनच द्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, तरीही काही विक्रेते अर्धी रक्कम रोख मागतात आणि पावती उरलेल्या अर्ध्याचीच देतात. पुढे वाद झाला तर तुम्ही सात-आठ लाखांचीच गाडी घेतलेली असते.

निवृत्त सर्व्हेअर

विम्याचे राहिले होते. गाडी तुमच्या ताब्यात आली की तृतीय पक्षाचा विमा आपोआप तुमच्याकडे आला असे कायदा मानतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र असा आपोआप येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच ते स्पष्ट केले आहे. चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. बाणेरहून घरी येताना चांदणी चौकात ठोकर झाली आणि पॉलिसी दिल्लीच्या गृहस्थाच्या नावावर असली, तर माझ्या जागी बसलेल्या माणसाला सहानुभूती दाखवण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. माझा सल्ला असा की गाडीची किल्ली हातात घेण्यापूर्वी स्वतःच्या नावाची नवी पॉलिसी तयार असावी.

नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. आधीच्या मालकाचा पन्नास टक्के बोनस तुमच्या हप्त्यात लावून देणारा एजंट तुमचा पुढचा दावा बुडवत असतो. १५०० सीसीच्या वरच्या खासगी मोटारीचा तृतीय पक्षाचा हप्ता २०२२ च्या अधिसूचनेनुसार ७,८९७ रुपये आहे, तो काही डोईजड नाही; खरा प्रश्न पुढचा आहे. पाच वर्षांवरील गाडीचे विमामूल्य कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते आणि चौदा वर्षांच्या गाडीला घसारा वगळणारे पूरक संरक्षण सहसा मिळत नाही. त्यामुळे एक हेडलाइट आणि एक बंपर बदलला तरी बिलाचा मोठा हिस्सा तुमच्या खिशातून जातो.

इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवली आहे का, एक्झॉस्ट बदलला आहे का, तेही विचारा. मूळ रचनेत असा बदल कायद्याला मान्य नाही आणि न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी हमखास वर काढला जातो.

घाटमाथा

आकड्यांत बोलतो, कारण मला कोणी आकडे सांगितले नव्हते. माझी गाडी दोन आसनी होती, कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. घेतली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझ्याकडेही दीड लाख उरले होते, म्हणून तुमची पहिली पोस्ट वाचताना मला स्वतःचेच पत्र वाचल्यासारखे वाटले.

पहिल्या महिन्यात चार टायर बदलले, ७२,००० रुपये. त्यांच्यावरची नक्षी शाबूत होती, पण बाजूच्या चार आकडी शिक्क्यावरून ते नऊ वर्षांचे निघाले. तिसऱ्या महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला, ५८,००० रुपये. सातव्या महिन्यात गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिकचे (गिअर बदलणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचे) बिल आले आणि त्या एका बिलाने माझी उरलेली शिल्लक आणि दिवाळीचा बोनस दोन्ही संपवले. त्यानंतर गाडी अकरा आठवडे गॅरेजात उभी होती, कारण भाग परदेशातून यायचा होता. त्या काळात तिचा विमा चालू होता, पार्किंगचे भाडे चालू होते आणि मी रिक्षाने फिरत होतो.

तेव्हा उमगले ते असे. गाडीची किंमत वयाबरोबर एक तृतीयांश होते, पण तिच्या हेडलाइटची, कंट्रोल युनिटची आणि ब्रेक डिस्कची किंमत अशी घसरत नाही. मी सोळा लाखांची गाडी घेतली असे समजत होतो. खरे तर मी पन्नास लाखांची गाडी घेतली होती, फक्त पहिला मोठा हप्ता दुसऱ्या कोणीतरी भरला होता आणि उरलेले माझ्या वाट्याला आले होते. साडेसतरा लाख जवळ असतील तर गाडी अकरा-बारा लाखांची शोधावी आणि पाच लाखांना दोन वर्षे हात लावू नये. पावणेसोळाची टीटी त्या हिशेबात बसत नाही.

गाडी मी नंतर विकली. घेणारा तेवीस वर्षांचा होता. त्याला मी सगळी बिले दाखवली, तरीही त्याने ती घेतली.

म्युनिकवासी

जर्मनीत खासगी मोटारीची तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी होते आणि प्रत्येक अहवालावर किलोमीटरची नोंद असते, त्यामुळे काटा मागे फिरवणे अवघड जाते. भारतात खासगी गाडीला पंधरा वर्षे अशी तपासणीच नसल्यामुळे ३८,००० हा आकडा केवळ विक्रेत्याचा शब्द आहे. स्कॅनर लावाल तेव्हा जुन्या फॉल्ट कोडसोबत (गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदींसोबत) साठवलेले किलोमीटर वाचायला सांगा. काट्यावर ३८,००० आणि एखादा जुना कोड ६१,००० ला नोंदलेला, असे दृश्य मी इथे आयात-निर्यातीच्या गाड्यांत पाहिले आहे.

वयाविषयीही लिहितो. टीटीची पहिली पिढी १९९८ मध्ये आली तेव्हा इथल्या ऑटोबानवर अतिवेगात वळताना किंवा अचानक मार्गिका बदलताना मागचा भाग सुटून जीवघेणे अपघात झाले. कंपनीने मग गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर बसवला, सस्पेन्शन बदलले आणि ईएसपी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा, दिली. तुमच्या पिढीत हे सारे मुळातच आहे. तरीही वॅगन-आर वरून थेट शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठणाऱ्या गाडीवर जाणाऱ्याने पहिले काही महिने ईएसपीच्या बटणाला हात लावू नये आणि नऊ वर्षांच्या टायरवर समृद्धी महामार्गाला जाऊ नये.

कोथरूडकर

घाटमाथा यांचे बिल मोठे आले त्याचे एक कारण, माझ्या अंदाजाने, अधिकृत सर्व्हिस सेंटर हेही असावे. पुण्यात चांगली स्वतंत्र गॅरेजे आहेत आणि तिथे तेच काम निम्म्यात होते.

पाचवा गिअर

मी स्वतंत्र गॅरेजवाला असूनही याला अर्धीच मान डोलावतो. मजुरी आमच्याकडे स्वस्त पडते, सुटा भाग मात्र आम्हालाही त्याच भावाने विकत घ्यावा लागतो. टेन्शनरसारख्या गोष्टीत बाजारू भाग घालून पैसे वाचवा असे सांगणारा मेकॅनिक भेटला तर त्याच्याकडून फक्त पंक्चर काढून घ्या. आणि पेट्रोलचे राहिलेच. आता पंपावर मिळणारे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, पेट्रोल २०१२ च्या गाडीसाठी योजलेले नाही. आठ-दहा दिवस पडून राहणाऱ्या गाडीत इथेनॉल पाणी धरते, रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी गाडी नीट गरम होईस्तोवर चालवावी लागेल, आणि ऑफिसला बसने जाणाऱ्याने तो अर्धा तास कुठून काढणार हे आजच ठरवावे.

नवखा सारथी

आज पहाटे सहाला न सांगता बाणेरला गेलो. रखवालदाराने आत सोडले. मामा सोबत होते, चुंबकाशिवाय.

सव्वासहाला बॉनेट गार होते. विक्रेत्याच्या माणसाला फोन केला तेव्हा तो म्हणाला की दहानंतर या, बॅटरी उतरली आहे, आम्ही चार्ज करून ठेवतो. दहाला गेलो तर गाडी बाहेर काढून धुतलेली होती आणि बॉनेट चटका बसेल इतके तापलेले होते. रबरी बूच काढू देण्यास त्यांनी नकार दिला. लिफ्टवर घेऊ दिली, बहुधा तिथे काही दिसणार नाही असे त्यांना वाटले असावे. पुढच्या डाव्या कणीवरचा सीलंट बोटाने फासल्यासारखा होता. टायरवरचा शिक्का २३१५ होता, म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. स्कॅनरवर एक जुना कोड निघाला, त्याच्यासोबत ५४,२०० किलोमीटर. विक्रेता म्हणाला की स्कॅनर चुकीचा आहे.

टोकन दिले नाही. घरी येऊन वडिलांना सगळे सांगितले तेव्हा ते या विषयावर पहिल्यांदाच बोलले. त्यांनी विचारले की सीटबेल्ट ओढून पाहिलास का. म्हणजे ते हा धागा वाचत आहेत.

आरटीओत रस्ता कराचा लेखी आकडा मागण्यासाठी सोमवारी अर्धा दिवस रजा टाकली आहे, कारण पुढच्या गाडीसाठी तो लागेलच. घाटमाथा यांच्या हिशेबाने अकरा-बारा लाखांपर्यंतच शोधतो आहे. नाशिकला २०११ ची एक टीटी आहे, एमएच-१५, पहिलाच मालक, ७४,००० किलोमीटर, दोन्ही तेलांच्या पावत्यांचे फोटो त्यांनी न मागता पाठवले. मागणी साडेबाराची आहे. रात्रभर उभ्या गाडीचे इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ मागवला आहे, बॉनेटवर हात ठेवून सुरुवात करा असे सांगून. आला की इथे टाकतो. पाचवा गिअर, आवाज मोठा करून ऐकाल ना?